रिकाम्या पाण्यावरचा चौकोन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. अंगात आलेल्या बाईला "नाटक बंद करा" असं तोंडावर म्हणालेली मुलगी मीच, आमच्या गावात, तलवाड्यात विचारा कुणालाही. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

अंबाजोगाईत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, पण आम्ही दिवसभर समुद्रच बघतो. सॅटेलाइटच्या रडारचे फोटो येतात — पाणी काळं, जहाज म्हणजे पांढरा ठिपका. ठिपक्याभोवती चौकोन काढायचा, त्यावरून कॉम्प्युटर जहाज ओळखायला शिकतो. रिकाम्या पाण्यावर चौकोन काढणं ही आमच्यातली सगळ्यात लाजिरवाणी चूक.

माझा धाकटा भाऊ गणेश टगवर होता, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या लोखंडी बोटीवर. चार दिवस त्या टगचा पत्ता नव्हता. जहाज कुठं आहे ते कळवत राहणारा सिग्नल बंद, फोन बंद. कंपनीचा माणूस म्हणे, उत्तरेला शोध चालू आहे, धीर धरा. कसला धीर... उत्तर-दक्षिण त्या सगळ्या समुद्राचा आदल्या दिवशीचा रडार फोटो फुकट मिळत होता. तो मी ऑफिसच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडला. त्यातला प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या जहाजाच्या सिग्नलशी जुळत होता, म्हणजे गणेशची टग त्यात कुठंच नव्हती.

दुपारी आई एसटीनं आली. तिचा जन्म मेंढरांमागं गेलाय. संध्याकाळी ती मेंढरं मोजत नाही, कळपावरून एकदा नजर फिरवते आणि कोणतं नाही ते सांगते. तशीच नजर तिनं स्क्रीनवर फिरवली आणि पार खाली, दक्षिणेकडच्या काळ्या पाण्यावर बोट ठेवलं.

"हितं हाय गणू."

"आई, तितं कायबी न्हाई."

"तुला दिसंना म्हून त्यो न्हाई का? काढ तुजा चौकोन."

"पर कशावरून म्हणतीस?"

"मेंढरू कुटं ऱ्हायलं ते सांगितल्यावर मला आजवर कुणी कशावरून इचारलं न्हाई. काढ."

मी झूम केलं, उजेड वाढवला. नुसतं पाणी. माझं चुकलं तर शोधणाऱ्या बोटी भलतीकडं जाणार आणि भाऊ माझ्याच हातानं जाणार, हे कळत होतं. लई भीती वाटली. तरी चौकोन काढला, कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि चक्क खोटं बोलले — ठिपका स्पष्ट दिसतोय, बोट पाठवली नाहीत तर उद्या हा फोटो घेऊन पेपरवाल्यांकडं जाईन.

दुसऱ्या दिवशी टग दक्षिणेला सापडली. इंजिन बंद, प्यायचं पाणी संपलेलं, गणेश धरून टगवरचे पाचही जण जिवंत. ती कशी वाहत गेली त्याचा हिशोब मागे नेला, तर फोटोच्या वेळी ती माझ्या चौकोनातच होती.

आमच्या सरांनी फोटो तीनदा तपासला. समुद्र शांत, टग लोखंडाची, ती चमकायलाच हवी होती. चमकली नव्हती. "योगायोग आहे, चौकोन डिलीट कर," म्हणाले. गावात देवी पावली म्हणून नारळ फुटले. मला दोन्ही मान्य नाही. रडारला टग का दिसली नाही आणि आईला कशी दिसली, मला माहीत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "दिसला म्हून सांगितलं," आणि चहा मागते.

मी चौकोन डिलीट करेना, तेव्हा सरांनी शेवटी त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात 'माझी चूक' असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'चौकोन बरोबर आहे. आत माझा भाऊ आहे.'