बाबांच्या कानातला पंप

माझे बाबा जेवता जेवता घास हातातच धरून थांबतात. "लागली यांची तंद्री," असं म्हणून आई वाटी पुढे सरकवते. पस्तीस वर्षं हायड्रॉलिक यंत्रं दुरुस्त केल्यावर पंपाचा घूंऽऽ असा आवाज त्यांच्याबरोबर घरी यायला लागला. त्यांना तो आवडतोही. त्याच नादात झोप छान लागते म्हणे!

बांधकामाच्या यार्डात त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. दाब मोजायला गेज लावणारे त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. मी त्याच यार्डात टेलिहँडलर चालवते. त्याचा लांब, सरकता हात, म्हणजे बूम, तेलाच्या दाबावर विटा तिसऱ्या मजल्यावर पोचवतो. गेल्या आठवड्यात तो वर जाताना थरथरायला लागला. आजूबाजूला माणसं कामाला असतात. मी तो लगेच खाली घेतला.

बाबांनी ऐकलं. "पंप ठणठणीत आहे. फिल्टर तुंबलाय." फिल्टर बदलला, थरथर तशीच. पुन्हा ऐकलं, पुन्हा पंप ठणठणीत. मला मात्र केबिनमध्ये पंपाचं किंचाळणं स्पष्ट ऐकू येत होतं. तरी मी दोन दिवस मूग गिळून बसले, याचा मला अजून राग येतो. पण ज्या कानाचं अख्खं यार्ड कौतुक करतं तो कान गेलाय, हे मुलीने कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या दुपारी सगळं यार्ड पेंगुळलं होतं. उन्हात धूळ नुसती तरंगत होती. तपासणी आटोपून बाबा पाठमोरे उभे होते, चिंधीने सावकाश हात पुसत. मी इंजिन बंद करून खाली उतरले.

"चालू राहू दे जरा," ते स्वतःशीच हसत म्हणाले. "बघ, कसा गातोय."

"बाबा, मी मघाशीच बंद केलंय."

ते वळले. बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. इंजिनाची थरथर नव्हती.

"मग हा आवाज?"

"तो तुमचा आहे, बाबा."

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते पुढच्या चाकाला टेकून बसले. मलाही शेजारी बसवलं.

"तुला काय ऐकू येतं? नीट सांग."

"किंचाळतो. बूम वर नेला की जास्तच. आणि आत खडे पडल्यासारखा खडखडतो."

"म्हणजे हवा खातोय." त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. तेलावर हा एवढा फेस! टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड आवळणारी पट्टी ढिली होती. बाहेर थेंबही गळत नव्हता, आत मात्र हवा शिरत होती. "नवशिक्यालासुद्धा दिसलं असतं," ते म्हणाले. "मी झाकण उघडलंच नाही. ऐकत बसलो."

पट्टी बदलली, फेस बसू दिला. मी इंजिन सुरू करून बूम वर नेला. अगदी लोण्यासारखा गेला. मग खाली आणला, इंजिन चालूच ठेवलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आता खालच्या पट्टीत गुणगुणतोय, बाबा. एकसारखा. मध्ये कुठे अडत नाही."

बाबांनी डोळे मिटले.

"अजून सांग," ते म्हणाले.