आठव्याची जागा

तेजरामचा राग भिलाईजवळच्या रिसाली वस्तीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होता. त्यानं सायकल भिंतीला आपटून टेकवली की कुत्री आपणहून ओसरी सोडून निघायची. पण एकोणीसशे चौसष्टच्या हिवाळ्यात तो जसा पेटला, तसा आधी कधी पेटला नव्हता. आणि बरोबरच पेटला.

गडी तुमसरकडचा. भिलाईला पोलादाच्या कारखान्याचे पाये खणत होते तेव्हा फावडं घेऊन आला आणि खलाशी होऊन राहिला. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. जिथं क्रेन पोचत नाही तिथलं यंत्र साखळीच्या पुलीनं, तारेच्या दोरानं आणि खांद्याच्या जोरानं उचलतो, त्याला कारखान्यात खलाशी म्हणतात. त्याची टोळी आठ जणांची. मुकादमानं हाळी दिली की आठ पाठी एकदम वाकायच्या. एकदा दोर सटकला आणि तेजरामच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. तेव्हापासून पकड ढिली.

त्याची बायको कौशल्या त्या हाताकडे पाहायची आणि रोज तेच बोलायची.

"आवो, दोन गेले. बाकीचे जायची वाट पाहून राहिले काय? दुसरं काम धरा."

दुसरं काम म्हणजे खुर्चीतलं, आणि खुर्चीला कागद लागतो. तेजरामनं कामावर असतानाच बाहेरून बसून मॅट्रिक काढली होती. पण मॅट्रिकला कोण विचारतो? तेवढ्यात नागपूरच्या कुठल्याशा संस्थेनं दुर्गला एका शाळेच्या हॉलात संध्याकाळचा वर्ग काढला. बिझनेस मॅनेजमेंट, एका वर्षाचा डिप्लोमा. पास झालेल्याला खासगी रोलिंग मिलमध्ये सुपरवायझरी मिळते, अशी हवा होती.

अडचण दुपारच्या पाळीची. दोनला चढायचं, दहाला उतरायचं, आणि वर्ग सहाचा. तेजराम टोळीचा मुकादम केवलराम याच्याकडे गेला.

"केवलभाऊ, दुपारच्या पाळीच्या हप्त्यात पाचले सोडता काय मले?"

"अन् तुहा दोर कोन धरन?"

जवळ बाबुलाल तंबाखू मळत बसला होता. टोळीतला सगळ्यात दांडगा, आणि तोंडानं त्याहून दांडगा. तो म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ. माहा एक खांदा रिकामाच रायते. साहेब झाला त चहा पाजन आपल्याले."

"चहा नाई, लाथ मारन," केवलराम म्हणाला आणि हसला. "जा बे. शीक."

फोरमननं काणाडोळा केला. तेजराम पाचला सुटायचा, बोरसीवरून सायकल हाणत दुर्ग गाठायचा. मागं सात जण आठाचं ओढायचे. चहाची सुट्टी त्यातच जिरली. बाबुलालचा खांदा सुजला, तर तो म्हणाला, रात्री बायकोनं उशी नाही दिली म्हणून.

वर्गात दुकानदारांची पोरं होती, इस्त्रीच्या शर्टातले बाबू होते. तेजरामच्या कपड्यांना ग्रीसचा वास. शेजारचा बाक रिकामाच राहायचा. तरी त्याला तिथं आवडलं, खोटं कशाला बोला? फळ्यावर कारखाना असा उभा राहायचा, जसा त्यानं आत राहून कधी पाहिला नव्हता.

मग शिकवणाऱ्या कृष्णराव सरांनी काम दिलं. आपापल्या कामाच्या जागेबद्दल लिहा: माणसं किती, वेळ किती, कमी माणसांत भागतं का?

तेजरामनं आपल्या टोळीवर लिहिलं. इथंच त्याची गाढवकी झाली. भाबड्यानं अभिमानानं लिहिलं, की आमची टोळी आठाची, पण मी वर्गाला येतो तेव्हा सातच जण सगळं काम उरकतात, एक दिवस काम अडलं नाही. मित्रांची तारीफ केली होती हो त्यानं!

सरांनी ते वर्गापुढं वाचलं. चेहरा फुललेला.

"काम थांबलं का, तेजराम?"

"नाई सर."

"अपघात?"

"नाई."

"मग टोळी सातचीच. आठवा माणूस जास्तीचा. आणि गंमत बघा मंडळी, तो जास्तीचा माणूस हे स्वतःच लिहून देतोय!"

वर्ग खदखदला. सर जवळ आले. "जरा नीट मांडून द्या. रायपूरकडं माझ्या ओळखीची रोलिंग मिल आहे, तिथंही आठ-आठच्या टोळ्या आहेत. मालकाला दाखवतो. तुमची नोकरी पक्की समजा."

"सर, सात जनांनी ते दोस्तीपायी ओढलं. रोज कोन ओढन असं?"

"दोस्ती म्हणा, काही म्हणा. ओढलं ना?"

तेजराम घरी आला. कुत्री उठून गेली. कौशल्येनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग द्या लिहून. तुमच्या टोळीचं थोडीच हाय? तिकडचे लोक हायेत."

"तिकडं बी कोनी बाबुलाल असनच ना!"

"अन् मी कोन हावो तुमची? तो दोर उद्या मनगट घेऊन गेला, त बाबुलाल घास भरवायले येईन काय?"

तेजराम उपाशीच उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोळीला सांगून टाकलं. बाबुलालनं बंडी वर केली. खांद्यावर दोराचा काळानिळा वळ.

"पाह्य. तुह्या सरले म्हना, हे कोन्या भावात धरलं?"

"लिहून दे अन् नौकरी घे," केवलराम म्हणाला. "तुह्या हाताचं आमाले दिसते. पन लिहशीन त याचा खांदा बी लिही."

तेजरामनं खांदाही लिहिला, जिरलेला चहाही लिहिला. सरांनी तेवढ्यावर लाल रेघ ओढली. "हे रडगाणं काढा. मालक हसतील."

"हसू द्या!" तेजराम असा ओरडला की हॉलाबाहेरचा चौकीदार आत डोकावला. "मी नसतांना माह्या वाटचं कोन ओढलं, हे ज्याले दिसत नाई, तो मले कारखाना चालवनं शिकवते? माह्याच दोस्ताच्या पाठीवर पाय देऊन चढू काय मी त्या खुर्चीवर?"

सायकल काढली आणि पाळी सुटायच्या आत कारखान्यात परतला. केवलरामनं विचारलं, "काहून परत आला?" सात जणांच्या मागं दोराचं शेपूट मोकळं होतं, ते तेजरामनं धरलं.

कौशल्या कितीक दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची, ते आपटून. तिचंही काय चुकलं? निवृत्त होईपर्यंत तो त्या तीन बोटांच्या पंजानं ओढत राहिला, आणि हिवाळ्यात तो हात रात्रभर ठणकायचा.

पुढं वस्तीतली शिकलेली पोरं ओसरीवर यायची. काका, प्लांट सोडून मॅनेजमेंटचा कोर्स करू काय? तेजराम खेकसायचा, "कर ना! पन तू तिकडं बाकावर बसशीन, तवा इकडं तुह्या वाटचं कोन ओढन, ते पाहून ये पहिले!"

आणि आतून, चुलीपाशी बसल्या जागेवरून, कौशल्या तेवढ्याच आवाजात ओरडायची, "अन् घरी हात कोन शेकून देईन, तिले बी विचार रे बाबा! यांनी नव्हतं विचारलं."