मेधाच्या नवऱ्याची तक्रार

"मेधा काही आता परत उभी राहायची नाही. कारण माहितीये? खुद्द तिच्या नवऱ्यानंच तिच्यावर..."

केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरात, कपडे वाळत घालताना पलीकडून एवढंच ऐकू आलं, आणि कुणाचं तरी वॉशिंग मशीन गरगरायला लागलं. हातातली चादर टाकून पलीकडे धावले, तर बोलणाऱ्या दोघी लिफ्टनं वर!

आमच्या जर्मनीतल्या, बॉनच्या बिल्डिंगमध्ये किस्से हे असे मोज्यांसारखे साठतात. एक सापडतो, त्याचा जोडीदार शोधत बसायचं.

मेधा माझ्या वरच्या मजल्यावर राहते. दिवसभर लायब्ररीत नोकरी, आणि वर ती आमच्या भागाची शीड्सफ्राउ. म्हणजे शहराच्या कौन्सिलनं मतं देऊन निवडलेली, भांडणं मिटवणारी बाई. शिवीगाळ, कुंपण, आवाज, असलं सगळं कोर्टाच्या आधी तिच्याकडे. आपली मंडळी तिला सरळ 'सरकारी वकील' म्हणतात. ती सांगून दमली, "अहो, इथे सरकारी वकील निवडून येत नाही, आणि मी तर साधी वकीलही नाही!" ऐकतंय कोण?

दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या डायनिंग टेबलावर सुनावणी. तिथलं मेधा बाहेर एक अक्षर बोलत नाही, तिनं शपथ घेतलीये. पण भांडणारे उतरतात माझ्या दारावरून, आणि त्यांनी कसलीही शपथ घेतलेली नाही!

* * *

कुलकर्णींना पार्किंगवरून एका जर्मन माणसानं गाढव म्हटलं. कुलकर्णी मोठे इंजिनिअर. थेट पोलिसांत गेले. खऱ्या सरकारी वकिलाकडून उत्तर आलं, यात जनतेचं काही हित नाही, आधी शीड्सफ्राउकडे जा.

कुलकर्णी मेधासमोर लालबुंद. "मला गाढव म्हटलं, आणि पब्लिकला त्यात इंटरेस्ट नाही?"

"पब्लिकला नाही," मेधा म्हणाली. "मला आहे. बसा."

* * *

ढोलपथकाची प्रॅक्टिस गॅरेजमध्ये चालायची. शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन आजोबांनी तक्रार केली. पथकाचे अध्यक्ष तयारीनं आले, आमची संस्कृती, आमचा सण, सगळं पाठ करून.

मेधानं आजोबांना विचारलं, "आवाज कमी हवा का?"

"नाइन, नाही! मी बँडमध्ये ड्रम वाजवायचो. पण यांचा उजवीकडून तिसरा माणूस ताल सोडतो. मला ऐकवत नाही!"

उजवीकडून तिसरे खुद्द अध्यक्ष!

* * *

तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या एक काकू जिने चढून मेधाकडे गेल्या. "तू सरकारी ना? मग आमच्या सुनेला जरा सांग."

"काकू, सासू-सुना माझ्या एरियात येत नाहीत."

"मग एरिया वाढवून घे की!"

* * *

एकदा सुनावणी आटोपल्यावर मेधा जिन्यातच बसलेली दिसली. मी चहा आणून दिला. विचारलं, "अगं, बरोबर कोण ते ठरवतेस तरी कसं?"

"ठरवतच नाही हो ताई. ते कोर्ट बघेल. मी एवढंच बघते, उद्या जिन्यात भेटले तर एकमेकांना हालो म्हणतील का."

"आणि आधी कुणाचं भांडण घेतेस?"

"ज्यांची भिंत एक आहे, त्यांचं." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. चहावर साय धरली.

* * *

आणि मग तो गुरुवार. श्रीकांत, म्हणजे मेधाचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच दाराची बेल वाजवतोय! मी जिन्यातल्या कुंडीला पाणी घालत होते. बराच वेळ घालत होते.

"किल्ली विसरलास?" मेधानं विचारलं.

"नाही. तक्रार द्यायचीये. तुझ्यावर."

"मग माझ्याकडे नाही चालत. शेजारच्या भागात हेच काम करणारे क्र्युगरसाहेब आहेत, त्यांच्याकडे जा."

चेष्टा नव्हती हो! हा खरंच गेला. पुढचं श्रीकांतनंच मला सांगितलं.

क्र्युगरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. श्रीकांत तावातावानं बोलला. ही सगळ्या बॉनचं ऐकते, माझं वाक्य अर्ध्यात तोडून झोपायला जाते. गुरुवारी मी बेडरूममध्ये कोंडलेला, मुलगी हेडफोन लावून. पुन्हा कौन्सिलमधलं मतदान जवळ आलंय, हिनं या वेळी उभं राहू नये. नाहीतर मी वेगळं घर बघतो.

"आल्झो, तर मग," क्र्युगर म्हणाले, "आता फ्राउ मेधा, तुमचं म्हणणं?"

मेधा खुर्चीतच गाढ झोपलेली. मान कलंडलेली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

क्र्युगर गोंधळले. हळूच म्हणाले, "मग मागणी लिहू का? पुन्हा उभं राहू नये?"

श्रीकांत तिच्याकडे बघत राहिला. मग कुजबुजला, "ते खोडा. आणि तेवढी खिडकी लावा, तिच्यावर गार वारा येतोय."