कात्रीकाकांची माणसं

"कात्रीकाकांचं गिऱ्हाईक कधी तुटत नाही," असं कुणी म्हटलं की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. चढेल नाही तर काय! एका खुर्चीचं सलून, भिंतींचे पोपडे निघालेले, पण तीस वर्षांत एक माणूस दुसरीकडे गेला नव्हता. काकांनी माणसं जोडलीच तशी होती. कुणाच्या टाळूवर भोवरा आहे, कुणाला मशीनची घरघर सोसत नाही, कुणाच्या मुलीची परीक्षा जवळ आली, सगळं तोंडपाठ. कुणी आजारी पडलं की कात्री-कंगवा पिशवीत टाकून हे त्याच्या घरी हजर, आणि पैशाचं नाव काढलं की डोळे वटारायचे.

दोन चौक पलीकडे एका तरुणाने काचेचं, गार हवेचं सलून थाटलं, तेव्हाही काका ढिम्म. रस्त्यात आपल्या गिऱ्हाइकाचं नीटनेटकं डोकं दिसलं की मनात म्हणायचे, बघा, हा माझा हात. सकाळी चहा पिताना कप बशीवर खडखडायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण कात्री हातात आली की हात जागच्या जागी थांबतो, अशी त्यांची ठाम समजूत.

आणि म्हणूनच तर शेजारचा रिकामा गाळा घेऊन चार खुर्च्या टाकायचा घाट घातला होता! आयुष्यभर साठवलेलं सगळं त्यात ओतायचं होतं. संध्याकाळी गाळेमालकाला शब्द द्यायचा होता. काकू तेवढ्या आठवडाभर "एवढी घाई काय आहे?" म्हणत होत्या. काकांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

सकाळी अकराच्या सुमारास निवृत्त पोस्टमन केस कापून गेले आणि चष्मा आरशापुढेच विसरले. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही. काका चष्मा घेऊन धावले. चौकात पोस्टमनांची पाठ दिसली. हाक मारणार, तोच ते वळले आणि सरळ काचेच्या सलूनमध्ये शिरले.

काका मागोमाग आत गेले आणि दारातच थिजले. पोस्टमन खुर्चीत बसलेले, गळ्याला कापड. बाकावर शिंपी आणि औषधवाला. दोघांचेही केस काकांनी तासाभरापूर्वीच कापले होते! काकांना बघताच दोघांनी एकच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पोस्टमनांना कुठलं काही दिसायला! ते आपले बोलत होते, "आज कानामागे फारच गेलंय रे. घे जुळवून नेहमीसारखं."

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं ना, अकराला गर्दी आहे म्हणून?" तरुण कात्री चालवत म्हणाला. "आणि त्यांना एकदा सांगून का टाकत नाही तुम्ही?"

"काय सांगू? माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सहा महिने घरी येऊन दाढी केली त्याने. त्याला सांगू, तुझा हात थरथरतो?"

काकांनी पुढे होऊन चष्मा पोस्टमनांच्या हातात ठेवला. पोस्टमनांनी तो डोळ्यांवर चढवला, आरशात पाहिलं, तर मागे काका उभे.

"किती दिवस चाललंय हे?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं," वर्तमानपत्रामागून शिंपी म्हणाला.

दोन वर्षं! म्हणजे रस्त्यात बघून छाती फुगवली ती सगळी डोकी या पोराच्या हातची! "आणि ग्रुप? तो कुणी काढला?"

औषधवाला पुटपुटला, "वहिनींनी. हात जोडून म्हणाल्या, त्यांना कळू देऊ नका."

"अरे, एवढी माणसं जोडली मी... आणि मला खरं सांगणारा एकही नसावा? आज सगळं घालवून बसलो असतो ना रे!"

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस," पोस्टमन म्हणाले. "मग आम्ही बसायला कुणाकडे जायचं होतं?"

काका बाहेर पडले. रस्ता कसा संपला कळलंच नाही. दुकानात शाळेचे शिपाई खुर्चीत बसून वाट बघत होते. गळ्याभोवती कापड स्वतःच बांधलेलं, डोळे घट्ट मिटलेले, खांदे आखडलेले. आजवर काकांना वाटायचं, याला खुर्चीत बसताच झोप येते.

काकांनी कात्री उचलली. डोक्याजवळ नेली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा केसांकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघितलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि शिपायांच्या गळ्यातली गाठ सोडली. दोनदा सुटली नाही, तिसऱ्यांदा सुटली.

"ऊठ बाबा," ते म्हणाले. "चल तिकडे. मी येतो सोबत."