अक्काच्या गाडीसाठी पॉवर सप्लाय

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला. जळगाव, आमचा पुढचा ओटा. हजर: मी, अक्का, भाऊजी आणि धुळ्याकडच्या त्यांच्या गावाहून टेम्पोत आलेली अक्काची इलेक्ट्रिक गाडी. गैरहजर: आमचे हे, भुसावळला लग्नाला.

अक्का आशा सेविका. तीन पाडे तिच्याकडे, आणि तिकडे बस जात नाही. गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला हिशेबात वीज देणारा डबा, जळाला होता. नवा आणला होता. पण बिघाड मोटरच्या वायरिंगमध्येच असेल, तर जोडल्या जोडल्या तोही जळणार. म्हणून आधी वायरिंग तपासायचं. गाड्यांची दुरुस्ती मी घरीच करते, त्यामुळे टेबलावरचा पॉवर सप्लाय कधीतरी घ्यायचाच होता.

"कशाले? ट्रॅक्टरनी बॅटरी शे ना," भाऊजी म्हणाले.

"हो, आणि धूर निघाला की शेकत बसा," अक्का म्हणाली.

दुकानात दोन निघाले: एक तीस व्होल्ट, दहा अँपिअरचा, दुसरा साठ व्होल्ट, पाचचा. भाऊजींनी लगेच दहावाल्यावर हात ठेवला. विहिरीवर मोटर बसवताना आमच्याकडे हीच रीत. तीन एचपीची पुरत असली तरी पाचची घ्यायची, आणि शेजाऱ्याची पाचची असेल तर साडेसातची.

"पाचवाल्यामा दम शे का?"

"भाऊजी, पाणी नाही उपसायचं! गाडी अठ्ठेचाळीस व्होल्टची, तीसवाला तिथवर पोचतच नाही. आणि मला करंट वाढवायचा नाही, अडवायचा आहे. त्याचं हे वेगळं बटण."

"अडवासाठे पैसा?" भाऊजींनी दुकानदाराकडे दाद मागितली. दुकानदाराने साठवाला बांधायला घेतला.

घरी येऊन आधी फक्त पाच व्होल्ट लावले, करंट अगदी कमी ठेवला. चाक कुठवर फिरलं हे सांगणाऱ्या बारीक वायरी असतात, त्यांना पाचच लागतात; त्यांतल्या लाल-काळीला चिमटे लावले. सप्लायवरचा, करंट अडवल्याचा लाल दिवा पेटला आणि व्होल्ट शून्याजवळ आले. आत कुठेतरी वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. मोटर चाकातच असते; तिची केबल आसाजवळ जरा वाकवली, दिवा विझला. सोडली, पुन्हा पेटला. चाकाच्या नटाखालीच केबल चेपली होती.

"हाऊ नट कोणी आवळला?" अक्काने विचारलं.

भाऊजी टेम्पोकडे बघत म्हणाले, "ढिला व्हता. मी ट्रॅक्टरना पाना लावा."

"बठ्ठं ट्रॅक्टरनंच! बॅटरी बी, पाना बी!"

"नवा कंट्रोलर वाचला," मी मध्ये पडले.

"आणि माझे पाडे?"

त्या आठवड्यात लसीकरणाला भाऊजींनीच तिला मोटरसायकलवर नेलं, प्रत्येक पाड्यावर झाडाखाली थांबून. केबल मी आणून ठेवली आहे. पण आतल्या चुंबकांमुळे मोटरचं झाकण हाताने निघत नाही. ते ओढून काढणारा पुलर मिळवायचा, मोटर उघडायची आणि केबल बदलायची, एवढं अजून राहिलं आहे.