क्रेनचा इशारा

माझ्या डोक्यातली गाठ साधीच, पण कानाच्या नसेला चिकटलेली; ऐकू येणं जाईल ही धास्ती. किरणं देणारा टेक्निशियन सगळं दोनदा बोलायचा, "हालू नका काका, हालू नका." रोज जाळीचा मुखवटा चढवून, माझं डोकं टेबलाला अडकवून तो बाहेर जायचा.

शेवटच्या दिवशी किरणांच्या मशीनचा रोबोटी हात अगदी कानाशी आला. भिलाईच्या कारखान्यात जन्मभर क्रेनला हातवारे केलेला मी, सवयीने पंजा उचलला: थांब!

मशीन थांबलं. तो धावत आला. मी बोलणी खायला तयार.

"थांबाचा इशारा हाय का हा? भेव वाटलं तं हाच करजा. मी कॅमेऱ्यात पाहूनच राहिलो."

नेमकं हेच तो एकदाच बोलून गेला. दार लागलं, आणि मी दुसऱ्यांदा ऐकायला कान देऊन पडून राहिलो.