पांढरं कार्ड

मैत्रिणीचं सुतक नसतं. आई गेली की असतं, दीर गेला की असतं, ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही असा चुलत सासरा गेला तरी देवाला हात लावायचा नाही. मैत्रीण गेली तर माणसानं घरी येऊन अंघोळ करायची आणि कुकर लावायचा. मला याचा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

वारज्याच्या आमच्या इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहायची, मी खालच्या. आम्ही नवीन राहायला आलो त्या दिवाळीत मी शेजारीपाजारी हातानं केलेली कार्डं वाटली होती. स्केचपेननं काढलेली पणती, वर चमकी. दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊनच खाली आली. म्हणाली, छान आहे, फक्त हात फिरवला की चमकी हाताला लागते, पणती लागतच नाही. मला राग आला आणि तिला मी चहा दिला. मैत्री तिथून सुरू झाली.

तिच्या वडिलांचा पेठेत लग्नपत्रिका छापायचा छोटा कारखाना होता. तिचं बालपण शाईच्या आणि डायच्या सोबतीत गेलेलं. या कामात सगळं उलटं करावं लागतं, हे तिनं मला पहिल्यांदा शिकवलं. पितळी डायवर चित्र उलटं कोरायचं, तेव्हा ते कागदावर सुलट उमटतं. एकदा नव्या कारागिरानं गणपती जसा दिसतो तसाच कोरला, आणि पत्रिकेवर सोंड उजवीकडे वळली. वधूपित्यानं पत्रिका घ्यायला साफ नकार दिला. उजव्या सोंडेचं सोवळं सांभाळणार कोण, म्हणाला. तिच्या अब्बांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या. "आमच्या घरात तुमच्यापेक्षा गणपतीची काळजी जास्त होती," असं ती मला ऐकवायची.

पुढे आम्ही दोघींनी मिळून हातानं फिरवायचं मशीन घेतलं. ते तिच्याकडे राहिलं, कारण तिचं जेवणाचं टेबल मोठं. नक्षीच्या साच्यात ठेवलेला कागद दोन रुळांमधून जायचा आणि दांडा फिरवायचा, म्हणून तिचे मिस्टर त्याला रसवंती म्हणायचे. आम्ही बसलो की ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जायचे. त्यांनी इतक्या वर्षांत त्या दांड्याला कधी हात लावला नाही. दिवाळीला माझी कार्डं, ईदला तिची. शिक्का उमटवायचा, शाई ओली असतानाच सोनेरी पूड भुरभुरायची, जादाची झटकायची आणि उलट्या धरलेल्या इस्त्रीवर कागद तापवायचा. पूड वितळून चंद्रकोर वर उठली की ती अजूनही लहान मुलीसारखी खूश व्हायची. मग म्हणायची, डोळे मिट आणि बोट फिरव. बोट अडखळलं नाही तर कार्ड बाद. माझी निम्मी कार्डं बाद व्हायची.

माझी आई गेली त्या वर्षी मी कार्डं केली नाहीत. आमच्याकडे दिवाळी नव्हती. कंदील नाही, तळण नाही. चार घरचं फराळाचं ताट तेवढं यायचं. ती डबा घेऊन आली आणि डब्यावर एक कार्ड ठेवलेलं. पांढरं. शाई नाही, सोनेरी काही नाही, अक्षरही नाही. नुसत्या दाबानं उठवलेलं एक फूल. साच्यावरचं ते फूल कुठलं तरी परदेशी होतं, आम्ही त्याला अनंत म्हणायचो.

"रंग नको," ती म्हणाली, "पण दाराशी कुणी आलंच नाही, असंही नको."

त्यानंतर हा आमचा नियमच झाला. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरी पांढरं कार्ड, फराळाच्या डब्यासोबत. आमचे हे स्कूटरवरून पोचवून यायचे. पार नारायण पेठेपर्यंत जायचे आणि कधी कुरकुरले नाहीत. परत आल्यावर सांगायचे, कार्ड घेताना कोण रडलं आणि कोण फुलावरून नुसतं बोट फिरवत राहिलं.

तिचं दुखणं उन्हाळ्यात कळलं. उपचार झाले, केस गेले, हातातली ताकद गेली. शेवटचं आम्ही बसलो तेव्हा तिला दांडा फिरेना. ती कागद साच्यात ठेवायची, मी फिरवायची. मधेच तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, तू घाई करतेस म्हणून कडा फाटतात. मी म्हटलं, फाटू देत. खरं तर मला रडू येत होतं आणि तिला ते दिसायला नको होतं.

गणपती उठले आणि ती गेली. मी वर बायकांमध्ये बसले. पुरुषांनी तिला नेलं. मी जिना उतरून घरी आले, न्हाले आणि भात टाकला. नंतर जो तो भेटला की मला सांगायचा, तिच्या मिस्टरांना जपा हो, एकटे पडले. मी मान हलवायची. मला कुणी काही विचारलं नाही. मी कोण होते त्या घरची?

दिवाळी आली. मशीन वर होतं, आणि ते मागायला जायचं माझ्याच्यानं होईना. तिच्या घरासाठी पांढरं कार्डसुद्धा माझ्याकडून झालं नाही, याची लाज वाटते. यांनी कंदील काढला तेव्हा मी म्हटलं, यंदा राहू दे का. त्यांना खरंच समजलं नाही. "आपल्याला कुठं सुतक आहे?" ते म्हणाले. खरंच होतं. मी चकल्या तळायला घेतल्या. एकीलाही काटे आले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला दिवे लागले होते तेव्हा बेल वाजली. दारात तिचे मिस्टर. इस्त्रीचा शर्ट, हातात खाकी पाकीट. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आज यावं की नाही, कळेना," ते म्हणाले. "वहिनी, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी पांढरं द्यायचं, असं ती म्हणायची. तुमच्याकडे द्यायचं राहिलं होतं."

मी पाकीट उघडलं. पांढरं कार्ड. त्यांनी स्वतः केलेलं. साच्यात कागद उलटा घातलेला, त्यामुळे अनंत वर उठण्याऐवजी आत गेला होता. सवयीनं मी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. बोट पाकळ्यांवर चढलं नाही, खोल उतरत गेलं. एक कडाही फाटली होती. तिनं हे कार्ड बाद केलं असतं, आणि वर दोन शब्द ऐकवले असते.

"नीट आलंय ना?" त्यांनी विचारलं.

"नीट आलंय," मी म्हणाले, आणि तिथंच दाराला धरून रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळेपणी, कुणासमोर तरी. मी फराळाचा डबा त्यांच्या हातात दिला आणि ते सावकाश जिना चढून गेले.

हे पाटाजवळ पूजेची तयारी करत होते. बाहेर आले, माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. इतकी कार्डं पोचवलेला माणूस तो. त्यांना सांगावं लागलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, गॅलरीत गेले आणि कंदिलाचं बटण बंद केलं.